पावतीवरचा चालक

सोमनाथ बाजीराव रणपिसे याला ट्रॅक्टर हाकता येतो, हे सरकारला बारा वर्षांपासून मान्य होते. त्याच ट्रॅक्टरमागे उसाने भरलेली ट्रॉली जोडली की त्याला काहीच येत नाही, असा शोध १९९५च्या दिवाळीनंतर लागला. तो कायद्याने कधीचाच लावून ठेवलेला होता. कारखान्याला जाग त्या हंगामात आली एवढेच.

सणसरच्या चावडीवर परिपत्रक लागले. त्याची भाषा शुद्ध होती, इतकी शुद्ध की ज्यांच्यासाठी ते लिहिले होते त्यांना ते समजावून द्यायला दुसरा माणूस लागावा. अर्थ असा: ऊस रानात उभा आहे तोवर ती शेती. तुटून ट्रॉलीत पडला आणि भाड्याने कारखान्याकडे निघाला की तो माल, आणि माल ओढणारा ट्रॅक्टर हे मालवाहू वाहन. मालवाहू वाहनाच्या चालकाच्या परवान्यावर तसा वेगळा शिक्का हवा. सोमनाथच्या परवान्यावर 'ट्रॅक्टर' एवढाच शब्द होता. म्हणजे नांगरटीला निघताना तो कायदेशीर चालक होता आणि फडातून बाहेर पडताना गुन्हेगार. मधल्या बांधावर त्याचे नेमके काय होत असे, हे परिपत्रकात दिलेले नव्हते.

"तू कशाला काळजी करतूस सोम्या?" सर्जेराव ओट्यावर पान लावत म्हणाले. ट्रॅक्टर त्यांचा, दोन्ही ट्रॉल्या त्यांच्या, कारखान्याशी वाहतुकीचा करारही त्यांचा. "आपल्या पुष्करचं लायसन हाय की शिक्क्याचं."

पुष्कर हा त्यांचा पुतण्या. बारामतीला कॉलेजात होता, जळोचीला खोली घेऊन राहत होता. तिथल्या कुठल्याशा ड्रायव्हिंग स्कूलच्या मोटारीतून त्याने पंधरा दिवस सपाट रस्त्यावर फेऱ्या मारल्या होत्या, आणि स्कूलने त्याला सर्व प्रकारची वाहने शिकवल्याचा दाखला दिला होता. ट्रॅक्टरवर तो एकदाच बसला होता, दसऱ्याला, फोटोसाठी.

"पण गाडी मीच चालवनार न्हवं?"

"तूच की. कागदावर त्यो. कागद काय स्टेअरिंग धरतोय व्हय?"

"आन् मग मी कोन?"

"तू हेल्पर." सर्जेरावांनी चुना बोटाने पुसला. "पगार त्योच. नावात काय ठिवलंय लेका?"

आतून चहा आला. सोमनाथचा चहा कान तुटलेल्या कपात येत असे. तो कप गेली बारा वर्षे ओट्याच्या कोनाड्यात वेगळा असे. मात्र घरात त्याला कुणी वेगळा म्हणत नसे, 'सोम्याचा' म्हणत. सर्जेरावांच्या घरात सोमनाथच्या नावावर असलेली ती एकुलती वस्तू होती. चहा पिऊन त्याने ती नळाखाली धुतली आणि जागेवर पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी पुष्करच्या परवान्याची झेरॉक्स त्याच्या खिशात आली. फोटोतला पुष्कर गोरा होता आणि सरळ समोर पाहत होता. सोमनाथची मान बारा वर्षांत उजवीकडे वळून तशीच राहिली होती. दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या माणसाला पुढे कमी आणि मागे जास्त पाहावे लागते. एक ट्रॉली मागे घ्यायची तर स्टेअरिंग उलट फिरवावे लागते, हे कुणीही शिकतो. दोन मागे घ्यायच्या तर पहिली स्टेअरिंगच्या उलट जाते आणि दुसरी पहिलीच्या उलट. सणसर ते कारखाना या रस्त्यावर हे हाताला ठाऊक असलेली माणसे एका पंजात मोजण्यासारखी होती. कारखान्याच्या आवारात कुणाच्या ट्रॉल्या एकमेकींत अडकल्या की सोमनाथला हाक येई. तो मान वळवून, एक पाय क्लचवर अर्धा दाबून, त्या दोन्ही बाया नांदायला निघाल्यासारख्या मुकाट जागेवर नेऊन बसवी.

पहिल्याच खेपेला आवारातला कर्णा ओरडला, "पुष्कर प्रतापराव निंबाळकर, काट्यावर या."

सोमनाथ मोळ्यांना टेकून बिडी ओढत होता. कर्णा दुसऱ्यांदा ओरडला. हे कुणाला बोलावताहेत, असे त्यालाही वाटले. तिसऱ्यांदा पुकारून कर्ण्याने पुढचे नाव घेतले आणि त्याची पाळी गेली. ऊस उन्हात वाळत सहा तास उभा राहिला. वजनकाट्यावरच्या कारकुनाला बारा वर्षे सोमनाथ ठाऊक होता. तो खिडकीतून म्हणाला,

"काय पुष्करराव, झोप लागली का?"

रांगेतले ड्रायव्हर हसले. ते सोमनाथला हसत नव्हते, असे त्यांच्यापैकी कुणीही शपथेवर सांगितले असते. दुसऱ्या खेपेला कर्ण्याने नाव घेतले तेव्हा सोमनाथ "आलो" म्हणाला. घशातून तो शब्द मोळीतल्या पाचटासारखा खरवडत आला. तिसऱ्या खेपेपासून तेही वाटेनासे झाले, आणि ते वाटेनासे झाले याचाच त्याला पुढे राग येऊ लागला.

घरी म्हाताऱ्या बाजीरावांनी हकिकत ऐकली. त्यांनी तंबाखू मळायचे थांबवले.

"नाव काय म्हनलास?"

"पुष्कर."

"त्ये तर तीर्थाचं नाव. आमी छप्पन साली सगळी तीर्थं सोडली आन् माझं पोरगंच तीर्थ होऊन घरी आलं." ते हसले, आणि मग हसायचे थांबले. "शाळंच्या पटावर मास्तरनं मला 'बाज्या बिन गेन्या' लिवलं हुतं. माझा बा गेनबा हुता. दुसऱ्याच्या वहीत आपलं नाव कसं लिवत्यात, मला म्हाईत हाय."

त्यासाठीच तर वस्तीतल्या विहारात एक जाड वही होती. धम्म घेतल्यापासून वस्तीतले प्रत्येक जन्म, लग्न, मृत्यू तिच्यात लोक स्वतः लिहीत. पूर्ण नाव, बापाचे पूर्ण नाव, आणि लिहिणाऱ्याची सही. तलाठ्याच्या दप्तरात काय आहे त्याची वस्तीने पर्वा करणे सोडले होते. बाजीराव ती वही चाळीस वर्षे सांभाळत होते आणि चुकलेली वेलांटी त्यांना शिवीसारखी लागत असे.

"करुना, पावत्या कुठं हायत?"

काट्यावर वजनाची पावती दोन प्रतींत मिळे, एक मालकाला आणि एक चालकाला. चालकाची प्रत सोमनाथ भिंतीवरच्या तारेत खोचत असे. सोमनाथच्या बायकोने, करुणाने, तार काढून दिली. ती सातवी शिकली होती आणि विहाराच्या वहीत गेली सहा वर्षे अक्षर तिचेच होते.

"हरेक पावतीच्या पाठीवर खरं नाव लिव," बाजीराव म्हणाले. "कधी निगाला, कुनाच्या फडातनं, मागं कोन हुतं. आपली वही आपन ठिवायची."

"त्याचा उपेग काय तात्या?" सोमनाथ चिडून म्हणाला.

"उपेग बगून नाव ठिवत न्हाईत."

त्या दिवसापासून प्रत्येक पावतीच्या पुढच्या बाजूला छापील 'पुष्कर प्रतापराव निंबाळकर' आणि पाठीमागे पेन्सिलीने 'सोमनाथ बाजीराव रणपिसे' असे होऊ लागले. एकाच कागदाची दोन तोंडे. पण यात नवे काही नव्हते.

डिसेंबरात सोमनाथने एक दिवस खाडा केला आणि एसटीने बारामती गाठली. परिवहन खात्याचे महिन्यातून एकदा शिबिर भरे. मैदानात टेबल मांडलेले होते. मोटार निरीक्षक वयस्क होता आणि उर्मट नव्हता, ही सोमनाथच्या दृष्टीने वाईट गोष्ट, कारण उर्मट माणसाला निदान मनातल्या मनात शिवी देता येते.

"शिक्का मिळेल की. ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला आणा."

"साहेब, बारा वर्सं दोन ट्रॉल्या वडतूय. मला कोन शिकवनार?"

"ते मला कळतंय हो. नियमाला कळत नाही. आणि चाचणीला वाहन तुमचं तुम्ही आणायचं. ट्रॉलीसकट."

ड्रायव्हिंग स्कूल स्टँडमागच्या बोळात होते. मालकाने सोमनाथला ओळखले. मागच्या वर्षी त्याच्या मेहुण्याची ट्रॉली कालव्याच्या भरावावर फसली होती तेव्हा ती सोमनाथनेच काढून दिली होती. त्याने आपुलकीने चहा पाजला आणि ट्रॉली मागे घेताना मान कुठे ठेवायची ते विचारून घेतले. दाखला मात्र तीस दिवसांच्या शिकवणीशिवाय देता येणार नाही म्हणाला. नियम कडक झालेत. पुष्करला पंधरा दिवसांत कसा दिला, हे सोमनाथने विचारले नाही. उत्तर ठाऊक असताना विचारलेला प्रश्न हे श्रीमंतांचे मनोरंजन आहे.

"आबा, मला महिनाभर सकाळचं दोन तास सुटी द्या, आन् एक दिवस ट्रॅक्टर," तो सर्जेरावांना म्हणाला. "माझ्याच नावावर शिक्का घेतू."

"हंगामात? तुझं डोकं ठिकानावर हाय का? हंगाम सरू दे, मग बगू."

हंगाम सरल्यावर शिक्क्याची गरज कुणाला असते, हे दोघांनाही ठाऊक होते.

जानेवारीच्या शेवटी मागच्या ट्रॉलीची पिन झिजली. दोन ट्रॉल्यांना जोडणारी ती बोटभर जाड, हातभर लांब लोखंडी पिन. वीस टन ऊस एकमेकांशी कसा बोलतो ते तिच्या भोकात ऐकू येई. सोमनाथने ती काढून ओट्यावर सर्जेरावांसमोर ठेवली. मध्यावर ती चघळलेल्या उसासारखी बारीक झाली होती.

"नवी पायजे आबा. चढाला तुटंल."

"उद्या आनतू."

उद्याचे आठ दिवस झाले. नवव्या दिवशी सर्जेरावांनी बांधकामातून उरलेली सळई कापून आणली, एक टोक ठोकून वाकवले आणि स्वतःच भोकात बसवली. "एवढा महिना निगंल. हेल्परनं एवढं भ्यायाचं नसतं."

सोमनाथने ती सळई पाहिली आणि ट्रॅक्टर सुरू केला. ही गोष्ट तो पुढे स्वतःला विसरू देणार नव्हता. त्याने उतरायला हवे होते, किल्ली ओट्यावर फेकायला हवी होती. पण माणूस दुसऱ्याच्या नावाने तीन महिने जगला, की आपल्या हातून घडते त्याचा धनीही दुसराच असावा, अशी एक सोयीची सुस्ती अंगात शिरते. या व्यवस्थेने त्याचे जे काही घेतले, त्यात सगळ्यांत महाग हेच होते.

फेब्रुवारीच्या मध्याला, सकाळी आठच्या सुमारास, कालव्याच्या पुलाच्या चढावर ती सळई तुटली. कालव्यावर धुके होते, रस्ता दवाने ओला. आवाज फारसा झाला नाही. सोमनाथच्या मांड्यांना कळले. ट्रॅक्टर एकाएकी हलका झाला, बैलाच्या मानेवरून जू एकदम निसटावे तसा. त्याने मागे पाहिले. मागची ट्रॉली उतारावरून एकटीच परत चालली होती.

मागे गोजरबाई होती. गावातल्या दत्तोबाची विधवा, साठीची बाई. ट्रॉलीतून रस्त्यावर पडणारे वाढे, उसाचे हिरवे शेंडे, शेळीसाठी गोळा करत ती रोज मागून चालत असे. तिने भारा टाकून उडी मारली, पण एक पाय मागे राहिला. ट्रॉली त्यावरून जाऊन बाभळीला टेकली आणि रस्त्यात आडवी उभी राहिली.

सोमनाथने पुढची ट्रॉली चढावरच थांबवली, चाकाखाली दगड लावले आणि पळत खाली आला. गोजरबाईचा पाय गुडघ्याखाली वेगळ्याच दिशेला पाहत होता. त्याने डोक्याचा पंचा सोडून वर घट्ट बांधला. ती ओरडली नाही. "शेळी बांधलीया घरी," एवढेच म्हणाली. "पानी न्हाय ठिवलं तिला."

सर्जेरावांची वस्ती हाकेवर होती. ते मोटारसायकलवर आले. परीक्षेच्या अभ्यासाला घरी आलेला पुष्कर मागे बसला होता. सर्जेरावांनी आधी ट्रॉली पाहिली, मग ऊस, मग गोजरबाई. एकाला जीप आणायला पिटाळून त्यांनी सोमनाथच्या खांद्यावर हात ठेवला. बारा वर्षांत पहिल्यांदाच.

"सोमनाथराव," ते हळू आवाजात म्हणाले, "हे पुष्करवर येता कामा न्हाय. फौजदाराची परीक्षा हाय त्याची. एक गुन्हा लागला की जिंदगी बाद. तू चालवत हुतास म्हनून सांग. आन् खोटं कुठं हाय त्यात? तूच हुतास की. खरं त्येच सांगायचं."

सत्याची गरज सर्जेरावांना त्या हंगामात प्रथमच भासली होती. ज्या नावाला नोव्हेंबरपासून कुठेही जागा नव्हती, त्याच्यासाठी आता फौजदारी गुन्ह्याचा एक रकाना मोकळा झाला होता.

रस्त्यावर पडलेली गोजरबाई डोळे मिटून ऐकत होती. ती म्हणाली, "नाव कुनाचं बी लिवा रं बाबांनो. पाय माझाच मोडलाय."

सोमनाथने तिच्या पायावरचा पंचा आणखी आवळला. जीप आली, तिला बारामतीच्या दवाखान्यात घेऊन गेली. मागे तिचा वाढ्यांचा भारा राहिला. तोवर दोन्ही बाजूंना बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर तुंबले होते. सोमनाथच्या वस्तीवर बातमी गेली होती. काठी टेकत बाजीराव आले, बरोबर करुणा. तिच्या हातात पावत्यांची तार होती.

चौकीतला हवालदार सायकलवरून आला. पुलाच्या कठड्यावर त्याने कागद पसरला.

"चालक कोण?"

"ह्यो," सर्जेराव म्हणाले. "सोमनाथ रनपिसे. शिक्क्याचं लायसन न्हाय. मला न सांगता गाडी काडली."

सोमनाथ पुढे आला. त्याचे दोन्ही हात गोजरबाईच्या रक्ताने कोपरापर्यंत वाळले होते.

"लिवा हवालदारसाहेब. सोमनाथ बाजीराव रनपिसे, राहनार सनसर. ट्रॉली मीच चालवत हुतो. सळई कच्ची हाय ह्ये मला म्हाईत हुतं, तरी चालवली. त्ये बी लिवा. सळई कुनी बसवली त्ये बी लिवा. पन पयल्यापास्नं लिवा."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"धा नोव्हेंबरपास्नं. आजचीच खेप तेवढी माझी कशी? आजची माझी तर सगळ्याच माझ्या."

करुणाने तार कठड्यावर ठेवली. एकशे एकेचाळीस पावत्या. हवालदाराने वरची उचलली, पुढून वाचली, उलटली, मागून वाचली. दुसरी उचलली. त्याच्या भुवया वर गेल्या.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं," करुणा म्हणाली. "खाली सही हाय. कुनाच्या फडातनं ऊस भरला, मागं कुनाची गाडी हुती, समदं हाय. एकेकाला इचारा. रांगंत उभंच हायती."

रांगेतले ड्रायव्हर पुढे सरकले होते. काट्यावर हसलेले तेच. या वेळी कुणी हसत नव्हते. एक जण म्हणाला, "बाई खरं बोलत्यात."

सर्जेरावांचा चेहरा पालटला. ते मूर्ख नव्हते; एकशे एकेचाळीस खेपा कागदावर आल्या तर करार जातो, विमा जातो आणि न सांगता गाडी काढल्याची गोष्टही जाते, हे त्यांना क्षणात कळले. पुतण्याच्या फौजदारकीची किंमत एवढी असल्याचे त्यांना ठाऊक नव्हते.

"थांबा, थांबा. गडबडीत चुकलं माझं. चालक पुष्करच हुता. कारखान्याच्या समद्या कागदावर त्यो हाय. ह्यो नुसता हेल्पर. हेल्परच्या बायकूनं पेन्सिलीनं कायबी लिवलं म्हनून..."

"काका!" पुष्कर म्हणाला.

"गप."

हवालदाराने पेन कानावर ठेवला. मागून दहा भोंगे एकदम वाजत होते. तो या भागात सतरा वर्षे होता. दोन्ही चालकांकडे त्याने आळीपाळीने पाहिले. एक रक्ताने माखलेला, दुसऱ्याच्या शर्टाची इस्त्रीही मोडलेली नव्हती.

"बरं. मग पुष्करराव, आधी रस्ता मोकळा करा. मागची ट्रॉली आडवी आहे. पुढची उताराने खाली घ्या, दुसरी पिन लावा, तिला सरळ ओढा. चालकाचंच काम आहे."

पुष्कर ट्रॅक्टरवर चढला. चढताना त्याने पायरी चुकवली. कुणीतरी चाकाखालचे दगड काढले. त्याने मागे पाहिले, स्टेअरिंग डावीकडे फिरवले आणि ट्रॉली डावीकडे जाण्याऐवजी उजवीकडे, कालव्याकडे निघाली. घाबरून त्याने ते आणखी डावीकडे फिरवले. ट्रॉलीचे मागचे चाक भरावाच्या कडेवरून खाली गेले, उसाच्या दोन मोळ्या कालव्यात पडल्या आणि पाण्यावर तरंगत निघाल्या. ट्रॉली आणि ट्रॅक्टर कात्रीसारखे मिटत चालले. पुष्करने ब्रेकवर दोन्ही पाय दिले आणि तो तसाच बसून राहिला.

"सोमनाथ!" सर्जेराव ओरडले. "अरं घे की मागं! कालव्यात जाईल समदं! बगतूस काय?"

सोमनाथ पळत गेला. पण ट्रॅक्टरवर चढला नाही. त्याने खाली गेलेल्या चाकाशी दोन मोठे दगड रेटून बसवले, हलवून पाहिले, आणि हात झाडत परत कठड्यापाशी आला. त्याने मान सरळ केली. बारा वर्षांच्या सवयीने ती दुखली.

"शिक्क्याचं लायसन न्हाय मला आबा."

"आरं, ह्या येळंला लायसन काय घिऊन बसलास?"

"ह्या येळंलाच." त्याचा आवाज चढला नाही. "कारखान्यावर गाडी नेताना मी पुष्कर. बाईचा पाय मोडला तवा मी सोमनाथ. कागद आला तवा मी हेल्पर. आन् आता कालव्याच्या कडंला मी पुन्यांदा ड्रायव्हर व्हय? आदी त्ये ठरू द्या. ठरलं की घेतू मागं. दोन मिन्टाचं काम हाय."

"हवालदार, तुमी तरी सांगा ह्याला!"

हवालदाराने मागे तुंबलेल्या रांगेकडे पाहिले. ती नजर पोचेल तिथवर जाऊन धुक्यात शिरली होती. तार हातात घेऊन तो हताशपणे म्हणाला, "अहो, एकशे एकेचाळीस! एवढं लिहायला दुपार होईल."

"व्हऊ द्या," बाजीराव म्हणाले. ते गोजरबाईच्या वाढ्यांच्या भाऱ्याशेजारी, रस्त्यावरच, काठी आडवी ठेवून बसले होते. "नाव नीट लिवा म्हंजी झालं. रनपिसेतला 'पि' ऱ्हस्व."

हवालदाराने कानावरचा पेन काढला आणि नवा कागद घेतला. करुणाने तारेतली पहिली पावती उलटून त्याच्यासमोर धरली आणि वाचायला सुरुवात केली. भोंगे वाजत होते. सोमनाथ कठड्याला टेकून समोर बघत उभा राहिला. एवढ्या गोंगाटातही तिचा आवाज त्याला स्वच्छ ऐकू येत होता.

"धा नोव्हेंबर. चालक, सोमनाथ बाजीराव रणपिसे."

हवालदाराने लिहिले. तिने दुसरी उलटली.